उंबरगडावरचं सोनं

१

आमच्या ह्यांचं पहिलं लग्न उंबरगडाशी लागलं होतं, दुसरं माझ्याशी. मी हे चेष्टेत म्हणते असं लोकांना वाटतं. अंबडच्या कंपनीत होते तोवर निदान रविवारचीच सवत होती. नोकरी संपली, आम्ही गावाकडे शेतात राहायला आलो, आणि सवत रोजची झाली.

गड म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, काहीतरी मोठं असेल. तसं काही नाही. नाशिकहून पेठच्या रस्त्याला लागलं की आमचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर हा डोंगर. वर राहिलंय काय? खडकात कोरलेल्या पायऱ्या, त्यातल्या निम्म्या फुटलेल्या. एक दरवाजा, कमान शाबूत, पण लाकडी दारं कधीच गेलेली. पाण्याची टाकी, अर्धा बुरूज आणि गवतात बुडालेली घरांची जोती. दरवाजातून आत शिरलं की दोन्ही अंगांना देवड्या आहेत, म्हणजे पहारेकऱ्यांना बसायला भिंतीतच काढलेल्या खोल्या. आत दगडी ओटा. भर दुपारीसुद्धा तिथं अंधार. झाला गड.

पण ह्यांना विचारा! "यादवांनी खोदला, निजामशाहीनं बांधला, मराठ्यांनी राखला आणि इंग्रजांनी सुरुंगानं फोडला," अशी जी गाडी सुटायची, ती ऐकणाऱ्याचा चहा गार होईपर्यंत थांबायची नाही. म्हणून पाव्हणा आला की मी आधी चहा द्यायचे आणि मग ह्यांना हाक मारायचे.

माणूस वाईट नव्हता हो. मला लाडानं 'लंके' म्हणायचे. कडाक्याचं भांडण झालं तरी 'लंके'च. पण झेंडूला पाणी कोण देणार? फुलांचा तोडा कोण करणार? पंचवटीच्या फुलबाजारात क्रेट कोण पोचवणार? मी. आणि हे वर खराटा घेऊन देवड्या झाडत बसलेले. "एवढं आपलं आंगण झाडलं असतं तर!" मी म्हणायचे. "आंगण काय लंके, रोजचंच हाय," ते म्हणायचे. डोकं फिरायचं माझं.

दसऱ्याला गडाच्या दरवाजाला झेंडूचं तोरण बांधायचा मान आमच्या घराचा. तोरण बांधून झालं की डाव्या देवडीतल्या ओट्यावर आपट्याची पानं ठेवायची. पहारेकऱ्यांना सणालासुद्धा जागा सोडून खाली येता यायचं नाही, म्हणून गावानं वर जाऊन त्यांना सोनं द्यायचं, अशी ती रीत. पहारेकरी मेले, राज्यं गेली, रीत राहिली. माझ्या सासूबाई, नवसाबाई, दरवर्षी बजावायच्या, "सोनं द्यायचं, हात जोडायचे, पाठ फिरवायची. वरचं सोनं घ्यायचं नाय."

मी एकदा विचारलं, का हो? "असंच असतंय," म्हणाल्या. आणि तसंही, वर द्यायला बसलंय कोण? त्यामुळे कुणी फार डोकं चालवलं नाही.

२

गेल्या दसऱ्याला माझा गुडघा सुजला होता, म्हणून हे एकटेच वर गेले. जेवायला येतो म्हणाले, आले ते दिवेलागणीला. दोनदा पुरण गरम केलं मी. तोंडाचा पट्टा सोडायच्या तयारीनंच बाहेर आले, तर हे आंगणात उभे. उंबऱ्याच्या बाहेरच, हात पुढे बांधून.

"उभे काय राहिलात? या की."

"आत येऊ?" ह्यांनी विचारलं.

मला हसूच आलं. म्हटलं, उशीर केलाय म्हणून आता गरीब गाईचं सोंग. पण सणाचा दिवस, सीमोल्लंघन करून आलेल्याला ओवाळून घरात घ्यायचं असतं. ताट आणलं, कुंकू लावलं, ओवाळलं आणि म्हटलं, "या आत." तेव्हा कुठे पाऊल उचललं त्यांनी.

ताटात एक आपट्याचं पान ठेवलं.

"हे कुठलं? आपली सगळी पानं तर तुम्ही वर नेली होती."

"वरचंच. देणं झालं, घेणंबी झालं."

"अहो, पण आई काय म्हणायच्या? वरचं घ्यायचं नाय म्हणून?"

"सणाच्या दिवशी पुढं आलेला हात मागं लोटायचा का, बाई?"

यात खोटं काय होतं? आपल्याकडे दसऱ्याला वैरी जरी पान घेऊन दारात आला तरी ते घ्यावं लागतं, वर गळ्याला गळा लावावा लागतो. असेल कुणी गड बघायला आलेला, दिलं असेल त्यानं, म्हणून मी विषय सोडला. मला खटकलं ते वेगळंच. 'बाई'. जन्मभर लंके म्हणणारा माणूस मला बाई म्हणाला.

जेवताना पहिला घास तोंडात घातला आणि ह्यांनी डोळे मिटले. बघते तर मिटल्या डोळ्यांतून पाणी.

"आमटी तिखट झाली का?"

"नाय. गरम हाय," म्हणाले.

३

आता खरं सांगते, खोटं कशाला बोलू? त्यानंतरचं वर्ष माझ्या संसारातलं सगळ्यांत सुखाचं वर्ष.

दुसऱ्या दिवशी उठले तर आंगण झाडलेलं, सडा पडलेला. विहिरीवरची मोटर चालू. मी चूळ भरायच्या आत हे झेंडूच्या सरीत वाकलेले. जेवले की स्वतःचं ताट स्वतः घासायचे. मी म्हटलं, "बाई गं, आज सूर्य कुठून उगवला?" तर ह्यांनी खरंच मान वर करून पूर्वेकडे बघितलं.

लेक हर्षाली नाशिक रोडला दिलेली. तिला फोनवर सांगितलं तर ती खूश. "आई, बाबा रिटायर झाल्यावर आता कुठे माणसात आलेत. तुला काही चांगलं बघवतच नाही." बरोबर होतं तिचं. नवरा कामाला लागला म्हणून कुणी तक्रार करतं का?

पण बारीकसारीक काहीतरी टोचत राहायचं. हे खाटेवर झोपेनात. पहाटे उठावं तर उंबऱ्याशी भिंतीला पाठ टेकून बसल्या बसल्या झोपलेले, तोंड बाहेरच्या बाजूला. दाराला चांगली लोखंडी कडी आहे, तरी कडी लावल्यावर ह्यांचा हात चौकटीच्या बाजूची भिंत चाचपायचा. काहीतरी शोधल्यासारखा. काय शोधताय विचारलं की हात खाली घ्यायचे. शेवटी एक दिवस बाभळीचा दांडका तासून आणला आणि दाराला आतून अडसरासारखा आडवा लावायला सुरुवात केली. म्हटलं, लावा बापडे.

मी अगदी अडाणी नाही. डोक्याला काही झालं असेल, विसरभोळेपणाचा आजार असतो तसला, असं मनात आलं म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त काढलं. "काकू, ह्यांची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे," म्हणाले. चेहरा तोच, गालावरचा तीळ तोच. खोकलासुद्धा तोच. मग मी कशाला घाबरतेय, मला माझंच कळेना.

आणि गड? गडाचं तर नावच नाही. वर जाणं सोडलं ते सोडलंच, पण तिकडे बघतसुद्धा नव्हते. आमच्या शेतातून गड कुठूनही दिसतो. हे अशा बेतानं कामाला लागायचे की पाठ गडाकडे राहील. सरी संपली की परत पहिल्या टोकाला चालत जायचे आणि तिथून सुरुवात करायचे. लय चालणं व्हायचं त्यांचं.

४

ललित नावाचा एक नाशिकचा मुलगा आहे. त्याचा ग्रुप महिन्यातून एखादा रविवार गडावर श्रमदानाला येतो. टाक्यातला गाळ काढ, पायऱ्यांतलं गवत उपट, असली कामं. आधी आमचे हे त्यांचे पुढारीच होते. थंडी संपता संपता एकदा तो खाली उतरून पाणी प्यायला आमच्याकडे आला.

"काका, तुम्ही येत नाही म्हणता आणि गुपचूप येऊन जाता, हां!" तो हसत म्हणाला.

हे फुलं निवडत बसले होते.  मीच विचारलं, "कशावरून रे?"

"अहो काकू, देवड्या लख्ख झाडलेल्या असतात. आमच्या ग्रुपमध्ये दुसरं कोण एवढं मन लावून झाडणार? खराटापण तिथंच आहे."

"कुणी गुराखी झाडत असेल," मी म्हटलं.

"गुराखी?" ललित हसला. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "काका, आज नवी पोरं आलीत बरोबर. जरा इतिहास सांगा ना त्यांना. तुमचं ते यादवांपासून."

ह्यांनी हातातलं फूल क्रेटमध्ये टाकलं. मग म्हणाले, "पावसात बुरुजावर पाय गारठतात. धान्य वर येईस्तोवर त्यात किडे पडलेले असायचे. दात दुखला तर वैद्य नाय. सणाला खालून ढोल ऐकू यायचा." एवढं बोलून क्रेट उचललं आणि आत गेले.

पोरं टाळ्या वाजवायला लागली. "भारी सांगतात काका," ललित मला म्हणाला, "अगदी तिथं राहिल्यासारखं." मी हसले. हसण्याशिवाय काय करणार?

उन्हाळ्यात आणखी एक झालं. नाशिक रोडच्या एक मॅडम नवऱ्याबरोबर गड बघून उतरल्या आणि शेताच्या बांधावर सावलीला टेकल्या. मी त्यांना काकडी दिली. खाता खाता म्हणाल्या, "मावशी, तुमच्या गडावर गाइडची सोय चांगली आहे हो. दरवाजातले ते काका किती छान माहिती सांगतात! फक्त त्या अंधारातून बाहेर येऊन बोलले असते तर बरं झालं असतं. चेहराच दिसला नाही."

"काय सांगत होते?" मी विचारलं.

"यादवांनी खोदला, निजामशाहीनं बांधला... पुढं काय बरं ते?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

हे जरा पलीकडे खुरपत होते. त्यांच्या हातातलं खुरपं थांबलं. मॅडम निघून गेल्या तरी हे तसेच, मान खाली घालून बसलेले. मी जवळ गेले नाही. जायला पाहिजे होतं, पण पाय उचलेना.

५

त्या दिवसापासून मी दुपारी गडाकडे बघत बसायला लागले. कमानीत कधी काळं काहीतरी दिसायचं. कधी नाही. सावली असेल, शेळी असेल, डोळ्यात मोतीबिंदू होत असेल. मी रोज एक नवं कारण काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत बघायचे. वारा तिकडून आला की खर्र खर्र आवाज यायचा. खराट्याचा. पण झाडाच्या फांद्या खडकाला घासल्या तरी तसाच आवाज येतो, नाही का?

एकदा संध्याकाळी ओट्यावर शेंगा सोलत होतो. मी सहज बोलल्यासारखं करून विचारलं, "आपल्या लग्नात कसली फजिती झाली होती, आठवतंय ना?"

ह्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली. मग हळूच म्हणाले, "तुम्ही सांगा. मला ऐकायला आवडतं."

आमच्या वरातीचा बैल उधळला होता, नवरदेव उडी मारून उकिरड्यात पडला होता. ही गोष्ट त्यांनी स्वतःच चारचौघांत हजारदा सांगितलेली. मी सांगितली. हे तोंडावर हात धरून हसले, अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसले. मग म्हणाले, "लय नशिबाचा माणूस."

"कोण?" मी विचारलं.

ह्यांनी पुढची शेंग फोडली. मीही पुन्हा विचारलं नाही. हा आपला माणूस नव्हे, हे मला तेव्हाच कळलं, आणि त्याच वेळी, देवाशपथ, या माणसाची मला माया आली. माझ्या बोलण्याकडे इतकं कान देऊन माझ्या सख्ख्या आईनंसुद्धा कधी ऐकलं नव्हतं.

पण माझा माणूस वर होता. तो मला परत पाहिजे होता. हे कुणाला सांगणार? हर्षालीला सांगितलं असतं तर तिनं दवाखान्यात मलाच नेलं असतं. सोनं द्यायचं-घ्यायचं ते दसऱ्यालाच, म्हणून मी दसऱ्याची वाट बघत राहिले.

६

यंदा तोरण ह्यांनीच ओवलं. टपोरी फुलं निवडून, मधे मधे आंब्याची पानं घालून. सकाळी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "यंदा तुम्ही जा, बाई."

मी आपट्याची पानं पदरात बांधली. ते आंगणाच्या कडेपर्यंत आले. "वर कुणी हात पुढं केला तर..." एवढंच बोलले. तोरणाचं एक फूल सारखं केलं आणि म्हणाले, "तुमच्या मनाला येईल तसं करा. माझी काही तक्रार नाय."

गुडघा कुरकुरत होता, तरी चढले. ऊन छान पडलं होतं, पायऱ्यांवर पिवळी सोनकी फुललेली. वर खराट्याचा आवाज चालू होता. मी शेवटच्या वळणावर आले आणि आवाज थांबला.

तोरण बांधलं. एक गाठ दोनदा सुटली. मग आत गेले. डाव्या देवडीपुढची फरशी आरशासारखी स्वच्छ. आतून कुणीतरी पुटपुटत होतं, ऐकायला कुणी नसताना पुटपुटतात तसं. "यादवांनी खोदला... निजामशाहीनं बांधला... मराठ्यांनी..." पुढचं आठवत नसल्यासारखा तो आवाज थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून लागला.

नवऱ्याचं नाव मी उखाण्याखेरीज जन्मात घेतलं नव्हतं. त्या अंधारात तोंड घालून मी हाक मारली, "वाल्मीक!"

पुटपुटणं बंद झालं.

"लंके? आलीस व्हय?"

 ओटा धरला तर दगड कोमट, नुकतंच कुणी उठल्यासारखा. आतल्या अंधारातून एक हात पुढे आला. मनगटापर्यंतच उजेडात आला. तळहातावर आपट्याचं पान. हात त्यांचाच होता, जन्मभर ज्या हातात मी चहाचा कप दिला तो. नखांत धूळ भरलेली.

"घे. सण हाय," आवाज म्हणाला.

मी ते घ्यायलाच तर आले होते. वर्षभर दुसरा विचार नव्हता माझ्या डोक्यात. मी हात पुढे केलासुद्धा. पण घेतलं तर खाली कोण जाणार आणि वर कोण राहणार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझा माणूस खाली जाईल की मीच वर राहीन? मी मान वळवून कमानीतून खाली बघितलं. आमचं घर काडेपेटीएवढं दिसत होतं. आंगणात हे उभे होते. वर्षात पहिल्यांदा त्यांचं तोंड गडाकडे होतं. हलत नव्हते, हात करत नव्हते. नुसते बघत होते.

मला त्यांचा तो पहिला घास आठवला. माझ्या ह्यांना गड आवडायचा ना? घरापेक्षा, माझ्यापेक्षा आवडायचा. मी स्वतःला हेच सांगितलं. खरं होतं की नाही, कोण जाणे.

पदरातली पानं सोडून ओट्यावर ठेवली. हात जोडले. पाठ फिरवली.

"लंके," मागून आवाज आला. "अगं, एवढं घे ना."

मी रडत रडत उतरले. वाटेत गावातली एक बाई भेटली, तिला गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं.

७

हे आंगणातच होते. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, पायात चपला चढवून. उन्हात तसेच उभे राहिले असणार, चेहरा लाल झालेला. मला एकटीला येताना बघितलं तरी त्यांचा विश्वास बसेना. माझ्या पाठीमागे वाटेकडे बघत राहिले.

"निघू मी?" त्यांनी विचारलं.

 मी चूल बघायला म्हणून आत गेले, पदरानं तोंड पुसलं, बाहेर आले. हे तिथंच, हात पुढे बांधून.

"चपला काढा," मी म्हटलं. "जेवायला बसा."

दोघंही जेवायला बसलो. हे हळूहळू खायला लागले. वारा गडाकडून सुटला होता. मधेच लांबून हाक आल्यासारखी वाटली, एकदा, मग पुन्हा एकदा. ह्यांनी खाणं थांबवून माझ्याकडे बघितलं.

मी तुपाची वाटी पुढे ओढली आणि विचारलं, "अजून एक पोळी वाढू का?"